ग्रीक ग्रंथकारावर प्रबंध कसा लिहितात : तगर नगराचें उदाहरण

गेल्या वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत, बक्षीससमारंभ आटोपून मंडळी चहापानास बसली असतां, लातूर येथील एक पालक आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचें कापडाचें दुकान आहे. त्यांची कन्या आपल्याच शाळेंतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली असून, इतिहास हा विषय घेऊन ती आतां एम्. ए. च्या वर्गांत शिकत आहे. ते म्हणाले, “सर, पोरगी म्हणते, मी ग्रीक ग्रंथकारावर प्रबंध लिहिणार. आमच्या घराण्यांत ग्रीक भाषा कोणीं कानांनीं ऐकलीहि नाहीं. परक्या मुलखांतल्या, दोन हजार वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसासाठीं हिनें आपलें शिक्षण खर्चीं घालावें, याचा आमच्या लातूर-नांदेडाशीं कांहीं तरी संबंध आहे काय?” त्या गर्दींत आम्हीं त्यांस दोन शब्दांत जें उत्तर दिलें, तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तेंच उत्तर येथें सावकाशपणें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. असा प्रश्न मनांत येणारे ते एकटेच पालक नसतील.

प्रथम प्रबंध म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. शाळेंत आपले विद्यार्थी निबंध लिहितात. ‘सॉक्रेटिस’ हा विषय दिला, म्हणजे चार पुस्तकें चाळून, त्यांतील माहिती आपल्या शब्दांत मांडून, शेवटीं एखादें सुभाषित जोडलें कीं निबंध पुरा होतो. प्रबंधाची जात निराळी. त्यांत एक प्रश्न असावा लागतो, आणि त्या प्रश्नाचें उत्तर पूर्वींच्या पुस्तकांत तयार मिळतां कामा नये. मिळत असेल, तर तें उत्तर कां पटत नाहीं, हें तरी दाखवितां आलें पाहिजे. न्यायालयांत वकील जसा प्रत्येक विधानास साक्षीपुरावा देतो, तसा प्रबंधकारानें प्रत्येक वाक्यास आधार द्यावयाचा असतो. आणि आपल्या पक्षाविरुद्ध जाणारा पुरावाहि स्वतःच पुढें आणावयाचा असतो, जें वकील सहसा करीत नाहींत.

मग ग्रीक ग्रंथकारांपैकीं निवडावा कोणता? नवखा विद्यार्थी बहुधा होमर किंवा प्लेटो यांजकडे धांव घेतो. नांवें मोठीं, म्हणून मोह मोठा. परंतु या दोघांवर युरोपांत शेंकडों वर्षें पंडितांनीं आयुष्यें वेंचिलीं आहेत. तेथें लातूरच्या विद्यार्थिनीनें नवीन असें काय सांगावें? आमची सूचना अशी कीं, ग्रंथ लहान असावा, प्रश्न त्याहून लहान असावा, आणि शक्य तर त्या प्रश्नाचें एक टोंक आपल्या पायाखालच्या मातींत असावें. असा एक ग्रंथ आहे. त्याचें नांव ‘पेरिप्लुस’. ‘पेरिप्लुस’ म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानें केलेला जलप्रवास, किंवा अशा प्रवासाचें वाटाडें पुस्तक. आणि हा पेरिप्लुस ‘एरिथ्रा’ म्हणजे तांबड्या समुद्राचा आहे. त्या काळचे ग्रीक लोक आजच्या तांबड्या समुद्रापासून आपल्या कोंकणकिनाऱ्यापलीकडे पसरलेल्या सगळ्याच महासागरास हें नांव देत. ग्रंथाचीं प्रकरणें अवघीं ६६, आणि त्यांतील कित्येक तर आठदहा ओळींचीं. लेखकाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. तो ईजिप्तमध्यें राहणारा ग्रीकभाषी व्यापारी होता, हें मात्र त्याच्या लिहिण्यावरून उघड होतें; कारण एके ठिकाणीं झाडांचें वर्णन करितांना तीं आपल्या ईजिप्तांतल्या झाडांसारखीं आहेत असें तो सांगतो, आणि गलबतें केव्हां हांकारावीं तें ईजिप्ती महिन्यांच्या नांवांनीं सांगतो. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य, असें आज बहुतेक विद्वान् धरितात.

हा मनुष्य साहित्यिक नव्हता. कोणत्या बंदरांत कोणता माल खपतो, कोणता माल मिळतो, राजाला नजराणा काय द्यावा, कोठें खडक आहेत, कोठें चोरांचें भय आहे, इतकेंच त्याला सांगावयाचें आहे. भडोच बंदरास तो ‘बारुगाझा’ म्हणतो, आणि तेथें नर्मदेच्या मुखांत भरतीचें पाणी कसें गर्जत चढतें, नांगरलेलीं जहाजें कशीं उलथतात, याचें वर्णन असें करितो कीं, तें डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाचें आहे याविषयीं शंका उरत नाहीं. येथून पुढें तो आपल्या देशाकडे वळतो. भडोचच्या दक्षिणेकडील मुलखास ‘दाखिनाबादेस’ म्हणतात, कारण तेथील लोकांच्या भाषेंत दक्षिण दिशेला ‘दाखानोस’ असा शब्द आहे, असें तो लिहितो. विद्यार्थिमित्रहो, येथें क्षणभर थांबा. ‘दाखिनाबादेस’ म्हणजे आपला दक्षिणापथ, आणि ‘दाखानोस’ म्हणजे आपला दखन हा शब्द. ग्रीक व्यापाऱ्यानें भडोचच्या धक्क्यावर एखाद्या गाडीवानास किंवा दलालास विचारून हा शब्द टिपून घेतला असावा.

या दक्षिणापथांतील दोन बाजारपेठा तो विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगतो. पहिली ‘पैठाना’, ती भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तिच्यापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर. ती फार मोठी नगरी असून तिचें नांव ‘तगर’. पैठणाहून गोमेदासारखे दगड, आणि तगराहून पुष्कळसें साधें कापड, नाना प्रकारचीं तलम वस्त्रें व ‘मोलोखिना’ नांवाचें कापड, असा माल बिकट, रस्ता नसलेल्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचास उतरवितात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. पैठण तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तगर कोठें?

हाच प्रबंधाचा प्रश्न. आणि एका गांवाचें ठिकाण ठरविण्यास किती गोष्टी लागतात, हें आतां पाहूं.

पहिली गोष्ट भाषा. इंग्रजी भाषान्तरें आहेत व तीं चांगलीं आहेत. मॅक्‌क्रिंडलचें १८७९ चें, शॉफचें १९१२ चें, आणि कॅसननें मूळ ग्रीकासह १९८९ सालीं प्रसिद्ध केलेलें, हीं तीन तर हाताशीं हवींतच. पण तीन भाषान्तरें समोर ठेविलीं असतां एकाच कापडाला तीन नांवें दिलेलीं आढळतात. भाषान्तरकार हा मधला दलाल आहे. त्याच्याविना व्यवहार होत नाहीं हें खरें, परंतु माल पारखण्याची वेळ आली कीं मूळ गठ्ठा आपणच सोडून पाहिला पाहिजे. यासाठीं ग्रीक शिकावयाची. ती आपल्या शाळेंत शिकवीत नाहींत. पुण्यांतील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यालयांत नव्या कराराच्या अभ्यासासाठीं ती शिकवितात. आणि नव्या कराराची ग्रीक व आमच्या व्यापाऱ्याची ग्रीक एकाच शतकांतील व एकाच लोकव्यवहाराच्या वळणाची असल्यामुळें, तेथें शिकलेला पाठ येथें तसाच उपयोगीं पडतो. ज्या विद्यार्थ्यांनीं संस्कृत घेतलें आहे त्यांनीं तर मुळींच भिऊं नये. संस्कृतांत ‘ददामि’, तर ग्रीकांत ‘दिदोमि’. इकडे ‘अस्ति’, तर तिकडे ‘एस्ति’. ‘पितृ’ आणि ‘पातेर्’ हीं तर भावंडेंच. विभक्ति, वचनें, काळ आणि अर्थ यांचा धाक संस्कृतानें पूर्वींच मोडलेला असतो. वय वाढलें म्हणून भाषा येत नाहीं, ही समजूतहि खोटी आहे. पंडिता रमाबाई यांनीं संस्कृतांत पांडित्य मिळविल्यावर, पुढें प्रौढपणीं ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास केला, आणि केडगांव येथें राहून मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषान्तर स्वतः सिद्ध केलें. १९२२ सालीं त्या वारल्या, तोंवर हें काम त्यांनीं सोडलें नव्हतें. धर्मश्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी मराठी घरांतील एका बाईनें केवळ जिद्दीनें ग्रीक हस्तगत केली, एवढी गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आम्ही प्रामाणिकपणें सांगतों कीं, एम्. ए. च्या एका वर्षांत ग्रीक ‘येत’ नाहीं. त्या अवधींत व्याकरण व कोश यांच्या साह्यानें तीनचार प्रकरणें अक्षर अन् अक्षर लावतां आलीं, तरी पुष्कळ झालें. म्हणून एम्. ए. चा प्रबंध ५० ते ५२ या प्रकरणांपुरता घ्यावा, आणि सबंध ग्रंथ पीएच्. डी. साठीं राखून ठेवावा. त्या पदवीस हल्लींच्या नियमांप्रमाणें निदान तीन वर्षें द्यावीं लागतातच.

दुसरी गोष्ट पोथीची. छापील पुस्तक म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे, हें आमच्या मुलांस कोणी सांगत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद असतात, तसे येथेंहि आहेत. फरक इतकाच कीं, येथें पोथ्यांची रेलचेल नाहीं. पेरिप्लुसची महत्त्वाची हस्तलिखित पोथी एकच; ती इसवी सनाच्या दहाव्या शतकांतील असून जर्मनींतील हायडेलबर्ग येथें आहे. लंडन येथें आहे ती तिच्याहून कित्येक शतकें अर्वाचीन आहे. या पोथींत आरियन नांवाच्या प्रसिद्ध ग्रंथकाराचे ग्रंथ शेजारीं असल्यामुळें आमच्या अनाम व्यापाऱ्याचें पुस्तकहि बरेच दिवस आरियनाच्या नांवावर मोडत असे. १५३३ सालीं बाझेल येथें गेलेनियस यानें तें प्रथम छापिलें. आज प्रमाण मानतात ती हयाल्मार फ्रिस्क याची १९२७ ची आवृत्ति. हें सारें रुक्ष वाटेल. परंतु एका अक्षरानें काय घडतें तें पाहा. भडोचच्या राजाचें नांव जुन्या आवृत्त्यांत ‘मांबारोस’ असें छापलें जाई. हें नांव कोणत्याहि हिंदी राजास लागू पडेना. पुढें तोच शब्द ‘मान्बानोस’ असा वाचण्यांत आला, आणि हा तर नाशिक, कार्लें व जुन्नर येथील लेण्यांत ज्याच्या काळचे शिलालेख आहेत तो क्षत्रप नहपान, असें विद्वानांच्या ध्यानांत आलें. एक अक्षर बदललें, आणि ग्रंथाचा काळ व महाराष्ट्राचा काळ एकमेकांस जोडले गेले. हल्लीं या पोथीचीं पानें हायडेलबर्गच्या ग्रंथालयानें संगणकावर पाहण्यास खुलीं केलीं आहेत. तीं पाहण्यास पूर्वीं जर्मनीला जावें लागे. आतां लातुरांत घरीं बसून तें पान उघडतां येतें. जुन्या ग्रीक हस्ताक्षराची ओळख मात्र तेथें कोणी फुकट देत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. तगर कोठें? गेल्या दोनशें वर्षांत याचीं इतकीं उत्तरें देण्यांत आलीं कीं, त्यांची यादीच मनोरंजक आहे. विल्फर्ड यानें देवगिरी म्हणजे दौलताबाद सांगितलें. ग्रँट डफ बीडच्या आसपास शोधीत राहिला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तें जुन्नर वाटलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूरचें नांव सुचविलें. हे सर्व मोठ्या योग्यतेचे पुरुष. त्यांची चूक काढणें हा आमचा अधिकार नव्हे. तरी एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं कीं, त्यांच्यापैकीं कित्येकांजवळ पुस्तक होतें पण वाट पायांखालीं नव्हती. आणि नांवाच्या किंवा कीर्तीच्या ओढीनें त्यांनीं नगरास आधींच प्रसिद्ध असलेल्या जागीं नेऊन बसविलें. टॉलेमीच्या भूगोलाचाहि उपयोग होईना. त्यानें दुसऱ्या शतकांत तगर व पैठण या दोहोंची नोंद केली आहे खरी. परंतु त्याच्या नकाशांत हिंदुस्थानचें दक्षिण टोंकच नाहींसें होऊन सारा देश आडवा पसरलेला आहे, त्यामुळें त्याच्या अंशांवर भरंवसा ठेवून चालत नाहीं.

१९०१ सालीं फ्लीट यानें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत लेख लिहून सांगितलें कीं, तगर म्हणजे तेर. तेव्हां तें निजामच्या राज्यांतील एक खेडें होतें. आज तें धाराशिव जिल्ह्यांत आहे. लातुराहून पश्चिमेस सुमारें ५० किलोमीटर, तेरणा नदीच्या कांठीं. आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेर व लातूर एकाच जिल्ह्यांत नांदत होते. गोरोबाकाकांचें तेर म्हणून वारकरी ज्या गांवास ओळखतात, तेंच हें.

फ्लीटचें मत कां टिकलें, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावें. प्रबंध लिहिण्याचें शिक्षण यापेक्षां चांगलें मिळणार नाहीं. पहिला पुरावा शब्दाचा. प्राकृतांत दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. ‘नगर’ याचें ‘नयर’ होतें व पुढें मराठींत ‘नेर’ होतें. संगमनेर, अंमळनेर, पारनेर हीं नांवें आपण रोज घेतों. मग ज्या रीतीनें ‘नगर’ याचें ‘नेर’ झालें, त्याच रीतीनें ‘तगर’ याचें ‘तेर’ होणें अगदीं सरळ आहे. ही पारख मराठी मुलास मराठी येते म्हणून करितां येते. केवळ ग्रीक जाणणाऱ्यास ती सुचणें कठीण. दुसरा पुरावा अंतराचा. नकाशा व पट्टी घेऊन बसा. भडोच ते पैठण सरळ रेषेंत सुमारें ३५० किलोमीटर. व्यापाऱ्यानें दिवस सांगितले वीस. पैठण ते तेर सुमारें १५० किलोमीटर, दिवस दहा. म्हणजे पहिल्या टप्प्यांत दिवसास सतरा-अठरा व दुसऱ्यांत पंधरा किलोमीटर. वाट वांकडीतिकडी असल्यानें प्रत्यक्ष चाल याहून अधिक पडेल. तरी लादलेल्या बैलगाडीच्या चालीस हीं दोन्ही अंतरें जुळतात आणि एकमेकांसहि जुळतात. तिसरा पुरावा बिरुदांचा. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत व शिलालेखांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. म्हणजे आपलें कुळ तगराहून आलें याचा अभिमान त्यांस हजार वर्षांनंतरहि होता.

आतां विरुद्ध पुरावा. पेरिप्लुसकार म्हणतो, तगर पैठणच्या पूर्वेस. तेर तर पैठणच्या आग्नेयेस, आणि तेंहि पूर्वेपेक्षां दक्षिणेकडे अधिक झुकलेलें आहे. हा दोष लहान नाहीं, आणि प्रबंधांत तो झांकतां येणार नाहीं. परंतु त्याच वाक्यांत पैठण भडोचच्या ‘दक्षिणेस’ आहे असेंहि म्हटलें आहे. वस्तुतः तें आग्नेयेस आहे, आणि पैठणच्या ठिकाणाविषयीं कोणासहि शंका नाहीं. यावरून काय दिसतें? नर्मदेच्या मुखाचें वर्णन करणारा आणि तगराची दिशा सांगणारा मनुष्य एकच असला, तरी त्याच्या दोन विधानांची किंमत सारखी नाहीं. पहिलें त्यानें पाहिलें आहे. दुसरें गाडीवानाच्या तोंडून ऐकिलें आहे. गाडीवान दिवस अचूक सांगतो, कारण त्याला दिवसांवर भाडें मिळतें. दिशा मात्र तो ढोबळच सांगणार. ग्रंथकाराचें कोणतें वाक्य डोळ्यांचें व कोणतें कानांचें, हें ओळखणें हेंच अशा प्रबंधांतील खरें काम. आणि आमच्या अल्प मतीप्रमाणें याच एका मुद्द्यावर अजूनहि नवीन लिहिण्यास जागा आहे.

पुस्तक मिटल्यावर गांवास जावें. फ्लीटच्या लेखानंतर लौकरच पुराणवस्तु खात्याचा हेन्री कझिन्स तेरला आला. तेथील त्रिविक्रमाच्या देवळाचा विटांनीं बांधलेला मागचा भाग गजाच्या पाठीसारखा गोलाकार पाहून, हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें असें त्यानें मत दिलें. विटांची इतकी जुनी इमारत आपल्या दक्षिणेंत क्वचितच उभी असेल. यात्रेकरू तीस प्रदक्षिणा घालून जातात, त्यांतील किती जण मान वर करून पाहतात न कळे. गांवाभोंवतीं पांढरीचीं टेकाडें आहेत. त्यांतून पावसाळ्यानंतर मणी, नाणीं, मातीचीं चित्रें वर येत. गांवांतलेच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं या वस्तु वर्षानुवर्षें गोळा करून जपून ठेविल्या. त्यांच्याच नांवानें आज तेथें सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या मुलांस सहलीसाठीं दूरदूरचीं ठिकाणें सुचतात. हें संग्रहालय लातुराहून सकाळीं निघून सायंकाळीं परत येण्याच्या अंतरावर आहे. पुढें तेर येथें उत्खननेंहि झालीं, व त्यांपैकीं एकाचा चापेकर यांनीं लिहिलेला अहवाल १९६९ सालीं प्रसिद्ध झाला.

त्या संग्रहांत हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति आहे. तिच्यासारखीच, अलंकारांनीं मढलेली, दोन्ही बाजूंस दासी असलेली एक हस्तिदंती मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें एका घरांत सांपडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. पाँपेई शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं इसवी सन ७९ मध्यें गाडलें गेलें, तेव्हां ती मूर्ति त्यापूर्वींच आपल्या देशांतून तिकडे गेली होती हें ठरलेलेंच आहे. अशीच एक मूर्ति जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथेंहि मिळाली असल्यानें, पाँपेईची मूर्ति तेरहूनच गेली असें म्हणण्याची घाई करूं नये. तरी एवढें खरें कीं, ज्या हातांनीं अशा मूर्ति कोरल्या ते हात आपल्या मराठवाड्यांतील असण्याचा पुष्कळ संभव आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या लॅटिन ग्रंथांत कुरकुर केली आहे कीं, हिंदुस्थान दरवर्षीं आमच्या साम्राज्यांतून ५ कोट सेस्टर्स नाणें ओढून नेतो. तो प्लिनीहि व्हेसुव्हियसच्या त्याच स्फोटांत मरण पावला. ग्रीक व्यापाऱ्याची यादी, लॅटिन पंडिताची कुरकुर व तेरची मूर्ति हीं तिन्ही एकाच व्यवहाराकडे तीन बाजूंनीं बोट दाखवितात.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. आपल्या गांवावर प्रेम असणें चांगलें. परंतु प्रबंधकाराच्या हातीं तें प्रेम दुधारी शस्त्र होतें. तेरचा विद्यार्थी ‘तगर म्हणजे तेर’ हें सिद्ध करूं लागला, तर परीक्षक त्याच्याकडे दुप्पट संशयानें पाहणार, आणि तें योग्यच आहे. लातूरकरांची गोष्टहि तीच. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत, आणि तें लट्टलूर म्हणजे आपलें लातूर असें विद्वान् मानतात. परंतु म्हणून ग्रीक ग्रंथांतील प्रत्येक अनोळखी नांव लातुराच्या किंवा नांदेडच्या वेशींत ओढून आणूं नये. पेरिप्लुसांत लातूर नाहीं, नांदेडहि नाहीं. नाहीं तें नाहीं असें लिहिण्यास जें धैर्य लागतें, तें आम्हीं कित्येक छापील प्रबंधांत पाहिलें नाहीं.

लेखनाविषयीं थोडेंसें. प्रथम त्या तीन प्रकरणांचें स्वतःचें मराठी भाषान्तर करावें. तें शेवटपर्यंत दुरुस्त होत राहील, त्याची लाज वाटूं देऊं नये. प्रत्येक अवघड शब्दासाठीं एक वेगळा कागद ठेवावा. पूर्वींच्या पंडितांचीं मतें टिपतांना पृष्ठांक त्याच वेळीं लिहावा. मागाहून शोधूं म्हणणाऱ्यांचे महिने जातात, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. मार्गदर्शक ग्रीक जाणणारे मिळतीलच असें नाहीं. अशा वेळीं प्राचीन इतिहासाचे जाणते मार्गदर्शक घ्यावे व भाषेसाठीं दुसऱ्या कोणाचें साह्य मागावें. पत्र लिहिलें असतां परदेशांतील विद्वानहि बहुधा उत्तर देतात. आणि एक गोष्ट. आमच्या आजोबांच्या पिढीस पदवीसाठीं १९१८ सालीं स्थापन झालेलें हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ गांठावें लागे; १९५८ सालीं औरंगाबादेस, आणि १९९४ सालीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालें. विद्यापीठ दारीं आलें. प्रश्नहि दारचा असला तर बिघडलें कोठें?

पालकांच्या मनांतील दुसरा प्रश्न पोटाचा आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. नोकरीच्या बाजारांत ग्रीक भाषेस भाव नाहीं. या प्रबंधावर कोणी नेमणुकीचा कागद आणून देणार नाहीं. इतिहासाचा अध्यापक, पुराणवस्तु खातें, संग्रहालय, अभिलेखागार अशा वाटा आहेत, पण त्या अरुंद आहेत व त्यांस इतर परीक्षा लागतात. म्हणून घरची स्थिति पाहून, मुलीनें अध्यापनाची पात्रता-परीक्षा बरोबरीनें द्यावी, असें आम्हीं त्या पालकांस सांगितलें. याउपर तिला तो विषय सोडावयास लावावा काय? आमचें मत नाहीं असें आहे. पुरावा तोलावयास शिकलेलें माणूस कोणत्याहि कचेरींत किंवा दुकानांत वायां जात नाहीं. आणि ज्या प्रश्नास ग्रीकहि हवी, मराठीहि हवी व तेरच्या पांढरीची ओळखहि हवी, तो प्रश्न सोडविणारीं माणसें जगांत फार नाहींत.

या दिवाळीच्या सुमारास ते गृहस्थ पुन्हां भेटले. त्यांची मुलगी तेरला जाऊन आली होती, आणि ग्रीक अक्षरें घरच्या भिंतीवर चिकटवून पाठ करीत होती. त्यांनीं स्वतःहून विचारिलें, “सर, तें तगराहून जाणारें तिसरें कापड, मोलोखिना, तें नेमकें कोणतें?” आम्हीं सांगितलें कीं, ‘मोलोखे’ हें ग्रीकांत एका झाडाचें नांव आहे. कोणी म्हणतात, त्या झाडाच्या फुलाच्या जांभळट रंगाचें तें कापड. कोणी म्हणतात, त्या जातीच्या झाडाच्या वाखापासून विणलेलें जाडेंभरडें कापड. वनस्पतिशास्त्राप्रमाणें कापूस, भेंडी व अंबाडी हीं त्याच कुळांतलीं. तें ऐकून ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “अंबाडीचे दोर आमच्या आजानें वळलेले मी पाहिले आहेत. त्याचें कापड होत असेल का, तें एका जुन्या साळ्याला विचारतों.” तो साळी नांदेडकडचा आहे. मुलगी व ते दोघेहि त्याच्याकडे जाणार आहेत; काय उत्तर मिळतें तें तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणांत येईल.